स्वरयंत्राचं ऑपरेशन आणि भूल: एका वाटेवर दोघांचा हक्क

बाकी ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ घशात ट्यूब टाकतो आणि सर्जन आपला पोटात नाहीतर गुडघ्यात काम करत बसतो, कोणी कोणाच्या आड येत नाही. स्वरयंत्रात मात्र जिथून श्वास द्यायचा नेमकं तिथेच सर्जनला हत्यार घालायचं असतं, या विषयातली जवळजवळ प्रत्येक पद्धत त्या ओढाताणीतूनच निघालीये.

आधी पेशंटला झोपवायचेच नाहीत. १८८४ला व्हिएन्नात डोळ्यांचा डॉक्टर कोलर याने कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं, आणि लगेच घशाचा डॉक्टर येलिनेक याने ते घशात वापरून पाहिलं. ट्यूब खरं तर त्याच्याही आधीची, १८७८ला ग्लासगोत मॅकेवेनने तोंडातून ट्यूब घालून क्लोरोफॉर्म दिलं होतं, पण ती रुळली पहिल्या महायुद्धानंतर, मॅगिल आणि रोबोथम या ब्रिटिश भूलतज्ज्ञांमुळे. मग १९४२ला क्युरारे हे औषध भुलीत आलं, स्नायू सैल पडायला लागले, आणि साठच्या दशकात क्लाइनझासरने मायक्रोस्कोप आणला. आता मायक्रोस्कोपमधून बघायचं तर मधे ही जाडजूड ट्यूब! म्हणून ५ मिमीची बारीक पण मोठ्या माणसाला पुरेल एवढ्या लांबीची ट्यूब आली, तरी स्वरयंत्राचा मागचा भाग झाकला जायचाच.

१९६७ला सँडर्सने बारीक सुईतून जोरात ऑक्सिजनचा झोत सोडला, झोताबरोबर आजूबाजूची हवाही आत ओढली जाते. हा जेट. आयडिया भारीच, पण आत गेलेली हवा आपली आपण बाहेर यावी लागते, वरची वाट बंद झाली की फुप्फुस फुटू शकतं.

१९७२ला स्ट्राँग आणि जाको यांनी घशात लेझर वापरल्याचं मांडलं आणि नवीनच भानगड, ट्यूबला लेझर लागला आणि आत ऑक्सिजन असला की सरळ आग! त्यामुळे ट्यूबच्या कफमध्ये (टोकाजवळच्या फुग्यात) हवेऐवजी निळा रंग घातलेलं सलाइन भरायला लागले, कफ फुटला की निळं दिसतं आणि सर्जन तिथेच थांबतो. मला तरी सगळ्यात हुशार युक्ती हीच वाटते, खर्च जवळपास शून्य.

२०१५ला पटेल आणि नूरेई यांनी तर काही वेळ ट्यूबशिवायही चालतं हे दाखवलं, नाकातून मिनिटाला ७० लिटर गरम, दमट ऑक्सिजन सोडायचा आणि श्वास थांबलेलाच ठेवायचा. २५ पेशंट, अवघड घसे, निम्म्यांमध्ये श्वास १४ मिनिटं किंवा जास्त थांबला होता. ऑक्सिजन टिकतो पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि लेझर चालवायचा म्हटलं की एवढ्या ऑक्सिजनमुळे आगीची भीती परत आहेच.