बोर्डिंग आणि ख्रिस्ती विद्यापीठाचं हॉस्टेल: दिसायला एक, रीत वेगळी

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिचे वडील कागदांची फाईल घेऊन संध्याकाळी घरी आले. फीचं पत्रक, लसीकरणाचा दाखला आणि त्याखाली एक करारनामा. शिकत असेपर्यंत दारू पिणार नाही, लग्नाबाहेर शरीरसंबंध ठेवणार नाही, खोटं बोलणार नाही, चॅपेलला, म्हणजे विद्यापीठातल्या प्रार्थनामंदिरातल्या उपासनेला, हजर राहीन, सोबत राहणाऱ्यांची काळजी घेईन, असं मुलीनं सही करून कबूल करायचं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सर, हे आपल्या बोर्डिंगगतच दिसतंय की. फक्त ख्रिश्चनांचं."

कोल्हापूरच्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. दसरा चौकात उभं राहून चहूकडे मान फिरवा. इकडे मुस्लिम बोर्डिंग, तिकडे जैन बोर्डिंग, पलीकडे लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ आणि मधोमध शाहू महाराजांचा पुतळा. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. धर्माच्या किंवा जातीच्या नावाचं हॉस्टेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. पण या दोन गोष्टी एक मानल्या, तर मुलगी तिथं जाऊन गोंधळेल आणि आई-बाप इथं बसून घोर लावून घेतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपलं बोर्डिंग. महाराजांनी सुरुवातीला सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयोग करून पाहिला. तो टिकला नाही. मग 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ एकेका समाजाचं. 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं. ख्रिस्ती मुलांसाठीही वसतिगृह निघालं. जागा, इमारत, वार्षिक मदत दरबारातून, आणि कारभार त्या त्या समाजातल्या जाणत्या माणसांकडे. हेतू एकच होता. खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं अन्न मिळालं, तर ते शाळा-कॉलेजात टिकेल. शिक्षण व्हायचं ते राजाराम कॉलेजात, हायस्कुलात. बोर्डिंग हे तिथवर नेणारं दार होतं. त्या दारावर एकच प्रश्न विचारला जायचा: तू कुणाचा?

मीही एका बोर्डिंगमध्ये चार वर्षं काढली. गारगोटीच्या एसटीतून सकाळी डबे यायचे. डब्यावर ऑइलपेंटनं नाव, झाकणाला सुतळी, आत फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी आणि वर मिरचीचा खर्डा. स्टँडवर जाऊन ढिगातून आपला डबा ओळखायचा. आई नवी भाजी घालायची तेव्हा सुतळीला दोन गाठी असायच्या, तेवढी तिची खूण. त्या जागेचं माझ्यावर मोठं ऋण आहे. ती नसती तर मी दहावीनंतर शेतावरच असतो. पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. माझा पार्टनर पहिल्या वर्षी महिनाभर रात्री उशीत तोंड खुपसून रडायचा. हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं आणि ते विचारणं कुणाचंच काम नव्हतं. रेक्टर सर गावात राहायचे. मॉनिटर रात्री नऊला हजेरी घ्यायचा, डोकी मोजायचा आणि दिवा मालवायचा. दिवाळीला पार्टनर घरी गेला तो परत आला नाही.

ख्रिस्ती विद्यापीठातल्या हॉस्टेलची रचना नेमकी या जागी वेगळी होते. तिथं हॉस्टेल हाच शिक्षणाचा एक वर्ग समजतात. चर्चमधली उपासना, वर्गातला धडा आणि रात्री अकरा वाजता खोलीतल्या मुलीशी झालेलं भांडण, हे सगळं माणूस घडवण्याचं एकच काम आहे अशी त्यांची धारणा. म्हणून प्रश्नही वेगळा विचारतात: शेजारच्या कॉटवरच्या माणसाबरोबर तू कशी राहणार आहेस?

उदाहरण घ्यायचं तर इंडियाना राज्यातलं नोटर डेम घ्या. 1842 साली स्थापन झालेलं कॅथलिक विद्यापीठ. पदवीच्या मुलामुलींची हॉस्टेलं वेगवेगळी, आणि प्रत्येकात स्वतःचं चॅपेल. प्रत्येक हॉस्टेलचा एक रेक्टर असतो. हा शब्द तरी आपल्याला परका नाही. पण हा रेक्टर, मग तो फादर असो, सिस्टर असो की साधा संसारी माणूस, त्याच इमारतीत राहतो. पहिल्या वर्षी जे हॉस्टेल वाट्याला येईल तेच पुढेही बहुतेकांचं घर होतं, कारण तीन वर्षं कॅम्पसवर राहणं बंधनकारक आहे. मुलांनी मुलींच्या आणि मुलींनी मुलांच्या हॉस्टेलमध्ये कधीपर्यंत थांबायचं याची वेळ ठरलेली असते. आणि तिथं हिंदू मुलगा राहू शकतो, मुसलमान राहू शकतो, काहीच न मानणाराही राहू शकतो. 'फक्त ख्रिश्चनांचं' हा समज इथंच गळून पडतो. सगळीकडे तसंच आहे असं मात्र नाही. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजसारख्या संस्था ख्रिस्तावरची वैयक्तिक श्रद्धा असलेले विद्यार्थीच घेतात. तेव्हा 'ख्रिस्ती' या एका शब्दावर विसंबू नये. संस्था कोणती, हे बघावं.

आता त्या करारनाम्याबद्दल. आपल्या मराठीत या बाबतीत एक सोय आहे. भाडेकरार म्हणतानाही आपण 'करार' म्हणतो आणि बायबलच्या दोन भागांनाही जुना करार, नवा करार म्हणतो. विद्यापीठाचा कागद दुसऱ्या अर्थाकडे झुकलेला असतो. नियमांची यादी त्यात असते, पण सूर असा की आपण सगळ्यांनी मिळून एकमेकांना शब्द दिला आहे. बोर्डिंगच्या नियमावलीत शब्द देण्याचा भाग नसतो. नियम वरून येतात आणि मोडले तर नाव कमी होतं. विद्यापीठाचा करार मात्र हलतो, बदलतोही. व्हीटनमध्ये विद्यार्थ्यांच्या नाचावर पिढ्यान् पिढ्या बंदी होती. ती 2003 साली उठली आणि त्याच वर्षी कॉलेजात पहिला नाच झाला.

एकमेकांना दिलेला हा शब्द रोजच्या जगण्यात कोण उतरवतं? इथं येतो रेसिडेंट असिस्टंट, बोलताना नुसता आरए. आपल्याकडच्या लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथंच होतो. आरए म्हणजे मॉनिटर असं धरून चालतात. आरए हा विद्यार्थीच असतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुढचा. त्याला मतं मागावी लागत नाहीत. अर्ज, मुलाखत, शिफारस यांतून तो निवडला जातो आणि कॉलेज सुरू होण्याआधी त्याचं प्रशिक्षण होतं. एका मजल्यावरची वीस-तीस मुलं त्याच्याकडे. मोबदल्यात बहुतेक ठिकाणी खोलीचं भाडं, कधी जेवणाचा खर्चही माफ होतो. पाळीच्या रात्री तो मजल्यामजल्यावरून फेरी मारतो. नव्या पार्टनरांना समोरासमोर बसवून दिवा किती वाजता घालवायचा, पाहुणे कधी आणायचे, कुणाची वस्तू कुणी वापरायची, हे कागदावर लिहून घेतो.

माझी भाची अशा एका ठिकाणी वर्षभर आरए होती. तिनं सांगितलेली एक गोष्ट मनात घर करून आहे. रात्री दोनला दारावर टकटक झाली. बाहेर पहिल्या वर्षाची मुलगी, पायात मोजे नाहीत, हातात कोमट झालेला कप. म्हणाली, "झोप येत नाही." भाचीनं तिला आत घेतलं, खाली चटईवर बसवलं आणि स्वतः समोर बसली. अर्धा तास ती मुलगी कपाचा कान फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला सांगितलं तर तू कुणाला सांगणार नाहीस ना?" भाची म्हणाली, "तसा शब्द मी देऊ शकत नाही गं. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावंच लागेल. पण तू एकटी जाणार नाहीस, मी सोबत येईन." एकवीस वर्षांच्या पोरीनं रात्री दोनला हे वाक्य न अडखळता म्हणणं, हे प्रशिक्षणाशिवाय होत नाही.

त्या वाक्यात आरएच्या कामाची हद्द आहे. लैंगिक छळ, आत्महत्येचा विचार, मारहाण असं काही कानावर आलं, तर ते वरिष्ठांना कळवणं अमेरिकेतल्या आरएचं बहुतेक ठिकाणी बंधनकारक काम असतं. गुपित पोटात ठेवण्याची मुभा असते ती दीक्षा घेतलेल्या पाळकाला, म्हणजे चॅप्लेनला, किंवा समुपदेशकाला. मुलीला हा फरक आधीच माहीत असला पाहिजे. मन मोकळं करायला आरएकडे जावं, जरूर जावं. पण जे फक्त आपल्यापाशीच राहावं असं वाटतं, ते सांगायला चॅप्लेनचं दार वेगळं आहे.

काही विद्यापीठांत आरएच्या जोडीला आणखी एक विद्यार्थी नेता असतो, त्याचं काम निखळ श्रद्धेचं. मिशिगनमधल्या कॅल्विन विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांना बार्नबस म्हणतात. पौलाच्या बरोबरीनं फिरणारा आणि इतरांना धीर देणारा म्हणून बायबलमध्ये ज्याचं नाव येतं, त्याच्यावरून. टेलर विद्यापीठातही मजल्यावर दोघं: एक राहण्या-वागण्याचं बघतो, दुसरा प्रार्थना आणि बायबल-अभ्यासाचे गट सांभाळतो. टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठात पाळकपदाचं शिक्षण घेणारे विद्यार्थी चॅप्लेन म्हणून हॉस्टेलमध्येच मुक्कामाला असतात. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. ज्यानं रात्री दारूची बाटली पकडून तक्रार लिहायची, त्यानंच सकाळी प्रार्थनेला बोलवायचं, हे दोन्ही बाजूंना जड जातं. मात्र श्रद्धेचं काम बघणारा हा विद्यार्थी म्हणजे दीक्षित पाळक नव्हे, म्हणून गुपिताचं संरक्षण त्याच्याकडे आहे असं समजू नये.

विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांची श्रद्धा जागती ठेवायची, या परंपरेत कोल्हापूरचाही एक धागा आहे, आणि तो इथल्या फार थोड्यांना माहीत असतो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथंच जन्मला. पुढं तो प्रिन्स्टनला शिकला आणि 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या पुढाकारानं शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याला वाहून घेण्याचा शब्द दिला. त्यातून उभी राहिलेली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ पुढं कॉलेजाकॉलेजांत पसरली. त्या चळवळीच्या धर्मप्रसाराच्या हेतूबद्दल ज्याचं त्याचं मत असू शकतं. पण कॉलेजातल्या पोरांवर एवढा भरवसा टाकणारा हा माणूस आपल्या गावात वाढला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि आपल्याकडे 'राहणं हेच शिक्षण' असं कुणी म्हटलंच नाही का? म्हटलं, आणि करूनही दाखवलं. भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र राबली, एका पंगतीला जेवली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ख्रिस्ती विद्यापीठाच्या हॉस्टेलचा आपल्याकडचा जवळचा नातलग शोधायचा असेल, तर दसरा चौकापेक्षा मी साताऱ्याकडे बोट दाखवीन. मुळाशी धर्मश्रद्धा नाही, हा फरक आहेच. पण पंगतीत शेजारी कोण बसलंय हाच धडा, ही समजूत दोन्हीकडे सारखी.

भारतातल्या ख्रिस्ती संस्थांचं थोडं वेगळं आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेज 1937 साली तांबरमला गेलं, तिथं सेलैयूर, सेंट थॉमस, बिशप हेबर अशी 'हॉल' पद्धत रुजली आणि मुलांनी निवडलेले सेक्रेटरी हॉलचा कारभार बघू लागले. शिवाय आपल्या घटनेचं कलम 28(3) आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाला हे कलम लागू नाही. तिथं करारात चॅपेल असेल आणि सही केली, की हजेरी खरोखर मोजली जाते. बेलरमध्ये दोन सत्रं चॅपेल पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही, विद्यार्थ्याचा धर्म कुठलाही असो.

हे सगळं मी त्या संध्याकाळी मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोरीला तिथं कोणतरी विचारणारं असंल." मी म्हटलं, असेल. पण चॅपेलमध्ये नुसतं बसायचं की उपासनेत भाग घ्यायचा, शाकाहारी जेवण हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज मिळतं का, दिवाळीला खोलीत पणती लावता येते का, आणि करार मोडला तर पहिल्यांदा समज देतात की थेट कारवाई, हे आताच विचारून घ्या. मुलगी शेजारीच बसली होती. तिनं मोबाईल काढला, चारही प्रश्न ईमेलमध्ये लिहिले, पाचवा स्वतःचा घातला: पुढच्या वर्षी आरएसाठी अर्ज करायला ख्रिस्ती असणं गरजेचं आहे का? वडिलांनी तो वाचला, मान हलवली, आणि तिनं ईमेल पाठवून दिला.