आकृतियुक्त लेटेक दस्तऐवजातील संकलनदोष

लेटेक या अक्षरजुळणी प्रणालीत लिहिलेल्या मजकुराचे पीडीएफमध्ये रूपांतर करताना, विशेषतः त्यात छायाचित्रे, नकाशे, आलेख किंवा रेखाकृती असताना, जे अडथळे येतात आणि ज्यांचा उलगडा केवळ संदेश वाचून होत नाही, त्यांना येथे संकलनदोष म्हटले आहे. बोलण्यात त्यांना ‘कंपाइल एरर’ म्हणतात. या दोषांचे ठळक लक्षण असे की, चूक एका जागी होते आणि तिची नोंद दुसऱ्याच जागी, कधी अनेक पानांनंतर, तर कधी वेगळ्याच फाईलमध्ये होते. त्यामुळे संदेशात दिलेल्या ओळीवर तासन्‌तास नजर खिळवूनही काही हाती लागत नाही. वडोदऱ्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असले, तरी शहराच्या इतिहासावर किंवा गायकवाडी काळातील मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकाच्या प्रबंधात इंग्रजी, मराठी आणि गुजराती मजकूर एकाच आकृतीखाली येऊ शकतो. अशा दस्तऐवजात वरील सर्वसाधारण दोषांवर लिपीमुळे होणाऱ्या दोषांचा आणखी एक थर चढतो.

या लक्षणाचे कारण प्रणालीच्या घडणीत आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये टेक ही मूळ प्रणाली रचण्यास सुरुवात केली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लेटेक उभारली; सध्या वापरात असलेली तिची मुख्य आवृत्ती १९९४ ची आहे. टेकला चित्र म्हणजे काय हे ठाऊकच नसते. तिच्या दृष्टीने चित्र ही ठरावीक रुंदी, उंची आणि खोलीची एक रिकामी चौकट असते, आणि त्या चौकटीत प्रत्यक्ष चित्र भरण्याचे काम निराळ्या घटकाकडे सोपवलेले असते. शिवाय टेक मजकूर ओळींच्या हिशेबाने समजून घेत नाही. ती एकेक चिन्ह वाचत पुढे जाते आणि एखाद्या आज्ञेला हवा असलेला महिरपी कंस मिळेपर्यंत वाचतच राहते. कंस राहून गेला, तर काही आज्ञांच्या बाबतीत परिच्छेद संपताच आणि काहींच्या बाबतीत थेट फाईल संपल्यावर तिला अडचण जाणवते. संदेशातील ओळक्रमांक हा अडचण जाणवल्याचा असतो, ती निर्माण झाल्याचा नसतो.

म्हणून दोषशोधनाची सुरुवात लॉग फाईलमधील, म्हणजे संकलनाची नोंद ठेवणाऱ्या फाईलमधील, पहिल्या दोषापासून करावी लागते. बरेच जण शेवटचा संदेश वाचतात, कारण पडद्यावर तोच राहिलेला असतो. पण शेवटचा ‘इमर्जन्सी स्टॉप’ हा सहसा केवळ परिणाम असतो. एका सुटलेल्या कंसामुळे पुढच्या निर्दोष ओळीही दोषी ठरत जातात, आणि अशा रीतीने १०० दोष साचले की टेक काम थांबवते. त्या शंभरांपैकी नव्व्याण्णव बहुधा खोटे असतात. पहिल्या दोषाखाली ओळक्रमांक आणि त्या ओळीतील मजकूर छापलेला असतो. हा मजकूर मध्येच तोडून उरलेला भाग खालच्या ओळीवर उजवीकडे सरकवलेला दिसतो. ही तूट छपाईतली गफलत नव्हे. टेक नेमकी जेथपर्यंत वाचून पोहोचली होती, ती जागा त्यातून कळते. याउलट लॉगमधील लांब ओळी ७९ व्या अक्षराला तोडल्या जातात, हा मात्र निव्वळ छपाईचा नियम आहे. चित्राच्या फाईलचे लांबलचक नाव त्यामुळे दुभंगते आणि शोध घेताना सापडत नाही.

चित्राच्या प्रकाराशी निगडित दोष तुलनेने सरळ असतात. पीडीएफलेटेक हे इंजिन, म्हणजे लेटेक मजकुराची थेट पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, पीडीएफ, पीएनजी आणि जेपीईजी चित्रे स्वीकारते. जुन्या पद्धतीने आधी डीव्हीआय ही मधली फाईल तयार करणाऱ्या मार्गाला ईपीएस हे चित्रस्वरूप लागते, आणि त्या मार्गावर पीएनजी दिल्यास चित्राचा आकार ठरवता येत नाही, म्हणजे ‘नो बाउंडिंग बॉक्स’, अशी तक्रार येते. एसव्हीजी हे रेखाचित्रांचे स्वरूप थेट घेतले जात नाही. ते इंकस्केपसारख्या साधनातून पीडीएफमध्ये बदलून घ्यावे लागते. दप्तरखान्यांत मोडी कागदांची स्कॅन केलेली चित्रे बहुधा टिफ स्वरूपात ठेवलेली असतात, आणि तेही पीडीएफलेटेकला चालत नाही. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फाईलच्या नावातील ‘टिफ’ हा शेवट पुसून तेथे ‘जेपीजी’ लिहिल्याने फाईल जेपीईजी होत नाही, फक्त संदेश अधिक गूढ होतो.

फाईल सापडत नसल्याचा संदेश मात्र वाटतो तितका सरळ नसतो. विंडोज प्रणाली इंग्रजी नावातील लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करते. त्यामुळे घरच्या संगणकावर व्यवस्थित तयार होणारा प्रबंध ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेक सेवेवर टाकताच चित्रे सापडत नाहीत, अशी तक्रार येते. नावातील मोकळ्या जागांबाबत २०१९ नंतरच्या आवृत्त्या बऱ्याच सहिष्णू झाल्या आहेत, जुन्या नव्हत्या. देवनागरी नावांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे डोळ्यांना एकच दिसणारे नाव संगणकाच्या लेखी दोन असू शकते. ‘वडोदऱ्यातील वाडे’ असे नाव दिलेली फाईल घेऊ. त्यातील ‘ऱ्या’ हे ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून टंकता येते, ‘र’ खाली नुक्ता देऊन टंकता येते, आणि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही टंकता येते. एका कळफलकावर फाईलला नाव दिले आणि दुसऱ्या कळफलकावरून तेच नाव दस्तऐवजात लिहिले, तर पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसूनही चित्र सापडत नाही. यावर युक्तिवाद करत बसण्यापेक्षा चित्रांच्या फाईलना रोमन लिपीतील लहान अक्षरे आणि आकडे यांचीच नावे द्यावीत, हे व्यवहाराला धरून आहे. मराठीचा अभिमान आकृतीच्या मथळ्यात दाखवता येतो.

लिपीचे इतर दोषही याच जातीचे आहेत. मराठी कळफलक चालू असताना चित्राची रुंदी ‘०.८’ अशी देवनागरी अंकांत लिहिली गेली, तर टेकला तेथे संख्याच दिसत नाही. ‘मिसिंग नंबर’ आणि त्यापाठोपाठ ‘इल्लीगल युनिट ऑफ मेझर’ असे संदेश येतात, आणि वाचणारा मात्र समोर संख्या दिसत असल्यामुळे चक्रावतो. पीडीएफलेटेक चालवल्यास देवनागरी अक्षर आपल्याकडे नोंदलेलेच नाही, असे ते इंजिन स्पष्टपणे सांगते. तेथे झीलेटेक किंवा ल्युआलेटेक या देवनागरी समजणाऱ्या इंजिनांकडे वळावे लागते. झीलेटेकमागचे झीटेक हे इंजिन जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणले आणि भारतीय लिप्यांची जोडाक्षरे लेटेकमध्ये सुलभपणे जुळू लागली, ती प्रामुख्याने त्याच्यामुळे. मोडीला तर युनिकोडमध्ये जागाच २०१४ मध्ये मिळाली. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला जुना मजकूर थेट चिकटवणे सर्वांत धोक्याचे असते, कारण पडद्यावर दिसणाऱ्या मराठी अक्षरांखाली प्रत्यक्षात टक्का, डॉलर, अंडरस्कोअर आणि महिरपी कंस यांसारखी चिन्हे दडलेली असू शकतात, आणि टेकसाठी त्यांतील प्रत्येक चिन्ह ही आज्ञा असते.

हीच चिन्हे मथळ्यांमध्येही सर्वाधिक घोळ घालतात. ‘दांडिया बाजारातील ४०% घरे’ असा मथळा लिहिला की टक्क्यापासून ओळीच्या शेवटपर्यंतचा मजकूर टेक टीप समजून सोडून देते. त्या ओळीवरचा बंद करणारा कंसही त्यात जातो, आणि मथळा पुढची पाने गिळत सुटतो. टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. अंडरस्कोअरचे तसेच आहे. चित्राच्या फाईलच्या नावात तो चालतो, पण तेच नाव मथळ्यात उद्धृत केले की ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ असा संदेश येतो, कारण गणिताबाहेर त्या चिन्हाला परवानगी नाही. मथळ्यात तळटीप किंवा अक्षरशः छापण्याची ‘व्हर्ब’ आज्ञा घातल्यासही असेच काही बिघडते. मथळा हा केवळ आकृतीखाली छापला जात नाही. तो आकृतींच्या सूचीसाठी वेगळ्या फाईलमध्ये लिहिला जातो आणि पुढच्या संकलनात तेथून वाचला जातो. यातून या विषयातला सर्वांत छळवादी प्रकार निर्माण होतो. मूळ मथळा दुरुस्त केला, तरी तोच दोष पुन्हा येतो, कारण सूचीच्या फाईलमध्ये कालचा चुकीचा मथळा शिल्लक असतो आणि टेक ती फाईल नव्या दुरुस्तीच्या आधी वाचते. पहिल्या दोषालाच थांबण्याची सूचना दिलेली असेल, तर ती जुनी फाईल कधी नव्याने लिहिलीच जात नाही आणि हे चक्र सुटत नाही. अर्ध्यावर बंद पडलेल्या संकलनामुळे संदर्भांची ‘ऑक्स’ फाईल अपुरी राहिल्यासही हेच घडते. उपाय एकच आहे. मूळ मजकूर आणि चित्रे सोडून प्रणालीने स्वतः तयार केलेल्या सर्व साहाय्यक फाईल पुसाव्यात आणि संकलन पुन्हा करावे. त्या पुसल्याने काहीही गमावले जात नाही.

आकृत्यांच्या जागेबद्दलचे दोष वेगळ्या कारणाने दूर जाऊन उमटतात. लेटेकमधील आकृती ही ‘फ्लोट’ असते, म्हणजे ती लिहिली तेथे न बसता योग्य जागा मिळेपर्यंत रांगेत थांबते, आणि एका प्रकारची आकृती आपल्या आधीच्या आकृतीला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. मूळ नियमांनुसार पानाच्या वरच्या बाजूला आकृत्यांनी सत्तर टक्क्यांहून अधिक आणि तळाला तीस टक्क्यांहून अधिक जागा व्यापायची नसते. अर्ध्या पानाचा नकाशा केवळ तळाला ठेवण्याची सक्ती केली, तर त्याला जागा कधीच मिळत नाही, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या साऱ्या आकृत्या अडकून पडतात. रांग भरली की ‘टू मेनी अनप्रोसेस्ड फ्लोट्स’ हा दोष येतो; पूर्वी ही मर्यादा १८ आकृत्यांची होती, २०१५ पासून ती ५२ झाली. तक्रार रांगेतल्या शेवटच्या आकृतीच्या नावाने होते, दोष मात्र पहिल्या नकाशाचा असतो. मर्यादा वाढवणे हे उत्तर नव्हे. जागेची सक्ती सैल करावी किंवा प्रकरणाच्या शेवटी ‘क्लिअरपेज’ ही आज्ञा देऊन रांग मोकळी करावी. आकृतीचा विभाग एखाद्या लहान चौकटीत कोंबल्यास ‘नॉट इन आउटर पार मोड’ असा संदेश येतो. तेथे फ्लोटचा मोह सोडून चित्र थेट ठेवणे बरे.

टेकमधील लांबीला कमाल मर्यादा आहे, १६३८३.९९९९८ पॉइंट, म्हणजे सुमारे ५.७५ मीटर. एवढा मोठा कागद कोणी वापरत नाही, म्हणून ही मर्यादा कोणाच्या ध्यानात नसते. पण टिकझेड या आकृतिलेखन संचात काही न सांगितल्यास एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. बडोदा कॉलेज १८८१, कलाभवन १८९० आणि विद्यापीठ १९४९ असा कालपट काढताना कोणी ही सालेच आडव्या अक्षावरील स्थाने म्हणून लिहिली, तर पहिलाच बिंदू जवळजवळ १९ मीटरवर पडतो आणि ‘डायमेन्शन टू लार्ज’ हा संदेश येतो. प्रत्येक सालातून १८८० वजा केले की आकृती उमटते. पट फार लांब वाटला, तर एकक लहान करावे.

काही दोषांची नोंद होतच नाही, आणि परीक्षकाच्या हाती प्रबंध जाईपर्यंत ते लपून राहू शकतात. ‘लेबल’ ही आज्ञा मथळ्याच्या आधी लिहिली, तर मजकुरात आकृतीच्या क्रमांकाऐवजी उपविभागाचा क्रमांक छापला जातो. फाँटमध्ये एखादे अक्षर नसेल, तर तेथे कोरी जागा किंवा रिकामी चौकट उमटते आणि संकलन यशस्वी ठरते. इंग्रजी फाँटमध्ये चुकून राहिलेल्या मराठी मथळ्यांचे असेच होते. २०२१ पासून ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या मापकाचे मूल्य ३ ठेवल्यास हरवलेले अक्षर हा दोष म्हणून नोंदला जातो. मराठी प्रबंधात ही सोय नेहमी चालू ठेवावी.

संदेशातून काहीच उलगडत नसेल, तेव्हा दोषाला कोंडीत पकडावे लागते. मजकुराचा अर्धा भाग तात्पुरता वगळून संकलन करावे. दोष राहिला, तर तो उरलेल्या अर्ध्यात आहे, गेला, तर वगळलेल्या अर्ध्यात. अशा दहा फेऱ्यांत हजार ओळींतून एक ओळ हाती येते. चित्रे जोडण्याचे काम करणाऱ्या संचाला ‘ड्राफ्ट’ हा पर्याय दिला की चित्राऐवजी त्याच्या नावाची रिकामी चौकट छापली जाते. त्यावेळी दोष नाहीसा झाला, तर तो चित्राच्या फाईलमध्ये आहे, टिकला, तर भोवतालच्या मजकुरात. दुसऱ्या कोणाची मदत घेताना संपूर्ण प्रबंध पाठवू नये. दोष दाखवणारा वीसएक ओळींचा नमुना, पूर्ण लॉग आणि खासगी चित्रांच्या जागी ‘एमडब्ल्यूई’ संचातील नमुना-चित्रे एवढे पुरते. असा नमुना तयार करता करताच दोष पुष्कळदा सापडतो.

शेवटी एक दोष असाही आहे, जो दस्तऐवजात नसतोच. विंडोजवर आधीची पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडी राहिली असेल, तर त्या फाईलवर लिहिता येत नाही असा संदेश देऊन टेक थांबते. ती खिडकी बंद करून संकलन पुन्हा केले की पीडीएफ तयार होते.