फोरमनचा 'तो' ठोसा तुक्का नव्हता

अंबाझरीची फेरी आटोपून तर्री-पोह्यावर बसलं आणि हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनचा सर्वांत जबर ठोसा कोणता हा वाद निघाला, की नागपुरात एक वाक्य ठरलेलं: "1994 चा? अरे भाऊ, म्हाताऱ्याचा तुक्का लागला!" हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ते चूक आहे.

5 नोव्हेंबर 1994, लास वेगास. फोरमन 45 वर्षांचा, समोर अपराजित हेवीवेट विश्वविजेता मायकेल मूरर, 26 वर्षांचा. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणांवर फोरमन मागेच होता. लोक इथवरच सांगतात. पण त्या नऊ फेऱ्यांत तो डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, सतत चालवत होता. जॅबने अंतर मोजलं जातं, समोरच्याची नजर आणि हात तिकडे गुंततात. त्यात मूरर डावखुरा. डावखुऱ्याच्या बचावातून सरळ उजव्या ठोशाला वाट मिळते, हे कुठल्याही आखाड्यात शिकवतात. समोर उभा राहू नकोस, असं मूररचा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस बजावत होता. मूरर उभाच राहिला.

दहाव्या फेरीत जॅब, मागोमाग उजवा. पुन्हा तेच. मग हनुवटीवर आखूड उजवा, आणि मूरर आडवा.

1973 साली तेव्हाचा विश्वविजेता जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा फोरमन सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. मला विचाराल तर त्याचं खरं हत्यार जॅबच. उजव्या हाताचं काम त्यानेच सोपं केलं.