स्टेम सेलच्या इंजेक्शनने नवी त्वचा उगवत नाही

‘स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, टोचल्या की त्यांचीच नवी त्वचा होते आणि जखम बुजते’ हा समज अनेक वर्षं फिरतो आहे. बहुतेक उपचारांबाबत तो चुकीचा आहे.

जखमांसाठी ज्यांचा खूप अभ्यास झाला, त्या मेसेन्कायमल स्टेम सेल अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून घेतात. जखमेत सोडल्यावर त्यांतल्या बहुतांश पेशी काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. काम करतात ती त्यांनी सोडलेली द्रव्यं. व्हीईजीएफसारख्या प्रथिनांमुळे नव्या केशवाहिन्या फुटतात. दाह धगधगत ठेवणाऱ्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी दुरुस्तीकडे वळतात. मग रुग्णाच्याच पेशी कोलॅजेन हे त्वचेला आधार देणारं प्रथिन तयार करतात आणि कडेच्या त्वचापेशी सरकत येऊन जखम झाकतात. मधुमेहातल्या चिघळत राहणाऱ्या जखमांत नेमकं हेच अडलेलं असतं.

खरोखर त्वचा घडवणाऱ्या स्टेम सेल वेगळ्या, बाह्यत्वचेच्या तळाशी असणाऱ्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, जर्मनीत उपचार घेतलेल्या ७ वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा जनुकीय दुरुस्ती केलेल्या पेशींपासून पुन्हा उभी राहिली. मला हे आजही विलक्षण वाटतं! पण तिथे इंजेक्शन नव्हतं. प्रयोगशाळेत वाढवलेले त्वचेचे थर शस्त्रक्रियेने बसवले होते.

जंतुसंसर्ग, मृत ऊती, अपुरा रक्तपुरवठा यांवर आधी उपचार हवेतच. ते टाळून थेट इंजेक्शन सुचवलं, तर कोणत्या पेशी, कुठून घेतलेल्या आणि कोणत्या मान्यतेने, हे जरूर विचारा.