न्यूयॉर्कमध्ये अडीच वाजलेच नाहीत

९ मार्च २०२५ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये अडीच वाजलेच नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून तिथे घड्याळ तासभर पुढे करतात, त्यामुळे १:५९ नंतर ते थेट ३ वर गेलं. २ नोव्हेंबरला उलटं झालं: दोन वाजायच्या क्षणी घड्याळ पुन्हा एकवर आलं आणि दीड दोनदा वाजला. हवाई आणि जवळपास सगळा ॲरिझोना सोडून अमेरिकेत २००७ पासून याच दोन महिन्यांत ही उलथापालथ होते. लोक झोपलेले असतात म्हणून ही वेळ सोयीची. पण सर्व्हरची देखभालही त्याच कारणासाठी नेमकी तेव्हाच लावलेली असते!

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही कामं बहुधा ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम पाहतो. दर मिनिटाला तो उठतो, घड्याळ बघतो आणि यादीशी ताडतो. २:३० चा बॅकअप लावलाय आणि २:३० आलेच नाहीत, तर? साधा प्रोग्राम गप्प राहील. नोव्हेंबरात १:३० चं काम तो दोनदा करेल. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातला क्रॉन मात्र शहाणा आहे. बदल तीन तासांहून कमी असेल, तर हुकलेलं ठरावीक वेळेचं काम तो लगेच उरकतो आणि झालेलं पुन्हा करत नाही. पण कंपन्यांनी घरच्या घरी लिहिलेल्या शेड्युलरमध्ये, म्हणजे क्रॉनसारख्या प्रोग्राममध्ये, एवढी काळजी घेतलेली असेलच असं नाही.

‘सगळं यूटीसीवर, म्हणजे कधीही पुढे-मागे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर, लावा’ हा ठरलेला सल्ला मला अर्धाच पटतो. लॉग (सर्व्हरच्या नोंदी) साफ करायला, बॅकअपला तो उत्तम. पण न्यूयॉर्कच्या दुकानाचा हिशोब मध्यरात्री बंद व्हायचा असेल, तर हिवाळ्यात तेव्हा यूटीसी ५:०० असते, उन्हाळ्यात ४:००. तिथे स्थानिक वेळच हवी, फक्त एक ते तीनची पट्टी टाळून.

शिवाय नियम सरकारच्या हातात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने घड्याळबदल ऐनवेळी पुढे ढकलला आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. मधल्या काळात देशात दोन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालल्या. सर्व्हरवरचा टाइमझोन डेटाबेस (कुठे घड्याळ कधी बदलतं याची यादी) जुना असेल, तर असे निर्णय त्याला कळतच नाहीत.

भारतात घड्याळ हलत नाही, तरी पुण्यात बसून न्यूयॉर्कचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा बदल रविवारी भरदुपारी गाठतो: मार्चमध्ये साडेबाराला, नोव्हेंबरात साडेअकराला. कोणता जॉब, म्हणजे ठरवून लावलेलं काम, हुकला, कोणता दोनदा चालला हे तेव्हा लॉगमध्ये दिसतं. बॅकअप दोनदा झाला तर डिस्क भरते, एवढंच. पैसे वळते करणाऱ्या जॉबने मात्र आधी त्या तारखेचं काम झाल्याची नोंद तपासायची आणि ती सापडली तर काही न करता थांबायचं.