२०१८ आणि दक्षिण कोरियाची सक्तीची लष्करी सेवा : पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर २०१८ रोजी सोलमध्ये दोन निकाल लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, धर्मश्रद्धेमुळे सैन्यात रुजू न झालेल्या एका तरुणाची शिक्षा रद्द करून खटला खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. त्याच दिवशी देशाच्या फुटबॉल संघटनेच्या समितीने राष्ट्रीय संघातल्या एका बचावपटूला संघातून कायमचे बाद केले आणि ३ कोटी वॉन दंड ठोठावला. सैन्यसेवेऐवजी करायच्या समाजसेवेचे तास त्याने खोटे दाखवले होते. दाखल केलेल्या छायाचित्रांत ज्या दिवशी प्रशिक्षण दिल्याचा दावा होता, त्या दिवशी तिथे जोरदार बर्फ पडला होता. छायाचित्रातले मैदान मात्र स्वच्छ होते.

एक बातमी कोर्टाच्या पानावर गेली, दुसरी क्रीडापानावर. मूळ प्रश्न मात्र एकच होता, आणि तो वर्षभर राजकारणात, धर्मात, मैदानात आणि संगीताच्या तक्त्यांवर वेगवेगळ्या वेषांत फिरत होता : बाकीचे २१ महिने बराकीत काढत असताना त्याऐवजी दुसरे काही करण्याची मुभा कोणाला, आणि त्या 'दुसऱ्या'ची किंमत किती?

आधी कायद्याचे बोलू, कारण सगळा गुंता तिथलाच आहे. लष्करी सेवा कायदा १९४९ चा. त्याच्या कलम ८८ नुसार भरतीची नोटीस मिळूनही 'योग्य कारणाशिवाय' जो ठरल्या तारखेपासून ३ दिवसांत रुजू होत नाही, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद. श्रद्धा हे 'योग्य कारण' धरायचे की नाही, यावर पिढ्या गेल्या. नकार देणाऱ्यांत जवळपास सगळे 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे. जपानी राजवटीतही, १९३९ मध्ये, या पंथाच्या लोकांची धरपकड झाली होती. १९७० च्या दशकात लष्करी सरकारने भरती शंभर टक्के करण्याचा चंग बांधला, तेव्हा यांना थेट प्रशिक्षण छावणीत नेऊन हुकूम दिला जाई आणि हुकूम मोडला म्हणून लष्करी न्यायालयात उभे केले जाई. २००१ च्या सुमारास खटले नागरी न्यायालयांकडे आले. १९५० पासून तुरुंगात गेलेल्यांचा आकडा साधारण १९ हजार धरला जातो.

नागरी न्यायालयांत शिक्षा ठरलेली असे : दीड वर्ष, ना एक दिवस कमी ना जास्त. यात न्यायाधीशांचा कठोरपणा नव्हता, उलट होती ती पळवाट. दीड वर्ष किंवा त्याहून अधिक कैद झालेल्या माणसाला सैन्यात पुन्हा बोलावत नाहीत, असा नियम होता. दया दाखवून एकच वर्ष दिले, तर सुटून आल्यावर पुन्हा नोटीस, पुन्हा नकार, पुन्हा खटला. म्हणून सहानुभूती असलेला न्यायाधीशही मुकाट्याने अठरा महिने लिही. कोरियात याला ज्या शब्दाने ओळखतात तो दुकानातल्या ठरीव किमतीसाठी वापरतात. आपल्याकडच्या 'एकच भाव' या पाटीसारखा. हे कैदी भांडत नाहीत, पळत नाहीत, त्यामुळे तुरुंग प्रशासनाला ते हवेच असत. स्वयंपाकघर, धुलाई, दवाखाना अशी कामे त्यांच्याकडे देत आणि वर्षभरानंतर काही महिन्यांत बहुतेकांना पॅरोल मिळे. हा तपशील पुढे लागणार आहे.

कायदे घटनेला धरून आहेत का, हे तपासणाऱ्या वेगळ्या संविधान न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये कलम ८८ वैध ठरवले. २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने १२ विरुद्ध १ मतांनी शिक्षा कायम केली होती. मधल्या काळात, २००७ मध्ये, सरकारने पर्यायी सेवा सुरू करण्याचे जाहीर केले. सरकार बदलले आणि २००८ च्या अखेरीस ते गुंडाळले गेले. दशकभर मग फाइल हलली नाही.

हलली ती २८ जून २०१८ रोजी, संविधान न्यायालयाच्या निर्णयाने, आणि तो नीट उलगडायला हवा. त्या दिवशी मथळा कोणत्याही बाजूने लावता आला असता : 'शिक्षा वैध' हेही खरे आणि 'नकाराला मान्यता' हेही. न्यायालयापुढे दोन कलमे होती. कलम ८८, म्हणजे शिक्षेचे, ते टिकले. नऊपैकी चौघांनी ते वैध म्हटले, चौघांनी अवैध, आणि एकाने याचिकेचा तो भाग विचारात घेण्याजोगाच नाही म्हणून बाजूला ठेवला. कलम रद्द करायला सहा मते लागतात, ती जमली नाहीत. कलम ५ मात्र सहा विरुद्ध तीन मतांनी पडले. या कलमात तेव्हा सेवेचे पाच प्रकार मोजून दिले होते : प्रत्यक्ष सेवा, राखीव, पूरक, सेवेपूर्व नोंदणी आणि युद्धकाळातले श्रमकार्य. पाचही प्रकार लष्करी प्रशिक्षण गृहीत धरत. यादीत बिनहत्यारी सहावा प्रकार नाही, हेच घटनाबाह्य, असे न्यायालयाने म्हटले आणि संसदेला ३१ डिसेंबर २०१९ पर्यंतची मुदत दिली.

म्हणजे शिक्षेचे कलम जिवंत, पण ज्या यादीवर ते उभे होते ती सदोष. मग मधल्या दीड वर्षात चालू खटल्यांचे काय? एकट्या सर्वोच्च न्यायालयात २०० हून अधिक प्रकरणे पडून होती. संविधान न्यायालयाने गाठ न सोडता दोर दुसऱ्याच्या हाती दिला : 'योग्य कारण' म्हणजे काय, ते नेहमीच्या न्यायालयांनी ठरवावे. १ नोव्हेंबरच्या निकालाने, ९ विरुद्ध ४ मतांनी, ते ठरले. श्रद्धा 'खोल, ठाम आणि खरी' असेल तर ते योग्य कारण.

आता खोली मोजायची कशी? फौजदारी खटल्यात निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकता येत नाही. म्हणून मधला मार्ग निघाला : आरोपीने आपल्या श्रद्धेचे पटण्याजोगे दाखले द्यायचे आणि ते खोटे आहेत हे सरकारी पक्षाने दाखवायचे. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलांना दहा निकषांची यादी पाठवली गेली : बाप्तिस्मा कधी झाला, सभेला नियमित जातो का, घरातल्यांची श्रद्धा काय, शाळेतले वागणे कसे, अशा वळणाची. लवकरच काही ठिकाणी आरोपीच्या नावावर बंदुकीच्या ऑनलाइन खेळांची खाती आहेत का, हेही तपासले जाऊ लागले. जो पडद्यावर गोळ्या झाडतो त्याला बंदूक वर्ज्य कशी, असा तर्क. हसू येते खरे, पण यात अडकले ते वेगळेच लोक. पंथात वाढलेल्या मुलाकडे बाप्तिस्म्याचा दाखला असतो, मंडळीतले साक्षीदार असतात. निव्वळ युद्धविरोधी विचाराने नकार देणाऱ्याकडे यातले काहीच नसते. अशा माणसाची प्रत्यक्ष सेवेच्या नकारातून निर्दोष सुटका सर्वोच्च न्यायालयाने कायम करायला २०२१ उजाडले.

शब्दाचा घोळ याहून चिवट निघाला. आपल्या घटनेतल्या अनुच्छेद २५ मध्ये 'सद्सद्विवेकबुद्धी' असा भारदस्त शब्द आहे. रोजच्या भांडणात तो कोणी वापरत नाही, म्हणून तो कोणाला बोचतही नाही. कोरियन घटनेच्या अनुच्छेद १९ मधला शब्द आहे 'यांगशिम', आणि तो रोजच्या बोलण्यातला. रांग मोडणाऱ्याला तुझा यांगशिम कुठे गेला असे विचारतात. माप चोख देणारा दुकानदार यांगशिमचा. त्यामुळे 'यांगशिमने लष्करी सेवेला नकार' हे ऐकताना लोकांच्या कानावर पडते ते 'प्रामाणिक माणसाने दिलेला नकार'. बराकीत थंडीवाऱ्यात २१ महिने काढून आलेल्याचा प्रश्न ठरलेला : मग मी काय बेइमान? न्यायालयाने निकालपत्रात खुलासा केला, की हा शब्द नैतिक श्रेष्ठता सांगत नाही, फक्त ज्याविरुद्ध वागले तर माणूस आतून मोडतो असा पक्का निश्चय सांगतो. खुलासा निकालपत्रात राहिला, चहाच्या टेबलापर्यंत पोचला नाही. ४ जानेवारी २०१९ रोजी संरक्षण मंत्रालयाने शब्दच बदलला : यापुढे 'धार्मिक श्रद्धा इत्यादींमुळे सेवेला नकार देणारे'. टोमणा थांबला असेल, पण श्रद्धेशिवाय नकार देणारे त्या 'इत्यादीं'त कोंबले गेले. मानवी हक्कवाल्यांनी आक्षेप घेतला तो यावरच. मोठ्या प्रोटेस्टंट मंडळींना दोन्ही शब्द अमान्य होते. त्यांच्या लेखी हा पंथ मुळात पाखंडी, आणि सेवा चुकवायला मुले तिकडे वळतील ही भीती त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली.

आता मैदान. खेळाडू आणि कलावंतांसाठीची सवलत १९७३ च्या खास कायद्यातून आली. तेव्हा देशाच्या खात्यात एकही ऑलिंपिक सुवर्ण नव्हते. पहिला लाभार्थी १९७६ च्या माँट्रियलमध्ये देशाला पहिले सुवर्ण मिळवून देणारा कुस्तीगीर. निकष पुढे आवळत गेले आणि १९९० पासून स्थिरावले : ऑलिंपिकमध्ये कोणतेही पदक किंवा आशियाई खेळांत सुवर्ण. मधे दोनदा उत्साहाच्या भरात कायदा वाकवला गेला : २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात संघ पहिल्या सोळांत गेल्यावर, आणि २००६ मध्ये जागतिक बेसबॉल स्पर्धेत पहिल्या चारांत आल्यावर. दोन्ही तरतुदी २००७ च्या अखेरीस काढून टाकल्या, त्यामुळे २००९ मध्ये बेसबॉल संघ उपविजेता ठरला तरी हाती काही लागले नाही.

हिला सगळे 'सूट' म्हणतात, पण कागदावर ती सूट नाहीच. खेळाडू पूरक सेवेत मोजला जातो : काही आठवड्यांचे मूलभूत प्रशिक्षण, मग ३४ महिने स्वतःच्याच खेळात काम, म्हणजे आपल्याच क्लबातून, आपल्याच पगारावर खेळणे, आणि २०१५ पासून ५४४ तास समाजसेवा. बर्फाची छायाचित्रे याच तासांची. सांघिक खेळात आणखी एक पाचर होती : प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्यालाच लाभ. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात जपानवर २-० ची आघाडी असताना, तोवर स्पर्धेत न खेळलेल्या एका बचावपटूला शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरवले गेले. ती मिनिटे त्याला बराकीतून वाचवून गेली.

२०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई खेळांत १ सप्टेंबरला दोन्ही अंतिम सामन्यांत कोरियाने जपानला हरवले : फुटबॉल जादा वेळेत २-१, बेसबॉल ३-०. फुटबॉलच्या वीसही जणांना लाभ मिळाला आणि फारशी कुरकुर झाली नाही. इंग्लिश लीगमध्ये खेळणारा कर्णधार वाचला याचाच आनंद जास्त. बेसबॉलवर मात्र लोक तुटून पडले. जपानने कंपन्यांच्या संघांतले हौशी खेळाडू पाठवले होते, कोरियाने घरची लीग थांबवून व्यावसायिक. शिवाय सैन्याच्या क्रीडा तुकडीत अर्ज करायला २७ वर्षांची अट असते; ती संधी सोडून, आशियाई सुवर्णावर डाव लावून बसलेले खेळाडू संघात होते, असा आरोप झाला. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षकाला संसदेत बोलावून निवडीचा जाब विचारला, नोव्हेंबरमध्ये त्याने राजीनामा दिला. निवडीत काळेबेरे असल्याचे सिद्ध झाले नाही. पण वर्षाच्या सुरुवातीलाच वारे फिरले होते. फेब्रुवारीत प्यॉंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दक्षिणेच्या २३ महिला आइस हॉकीपटूंत उत्तरेच्या १२ मिसळून संयुक्त संघ केला गेला. दोन्ही कोरियांच्या एप्रिलमधल्या शिखर परिषदेकडे जाणारी ती पायरी होती. पण विशीतल्या मुलांनी त्यात समेट पाहिला नाही, पाहिले ते सरावाची वर्षे घालून बाकावर बसवलेल्या मुलींना. सप्टेंबरचा संताप त्याच तव्यावर तापलेला होता.

बेसबॉलच्या सुवर्णाच्या दुसऱ्याच दिवशी, २ सप्टेंबरला, बीटीएस या सात मुलांच्या पॉप गटाचा अल्बम त्या वर्षात दुसऱ्यांदा अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत अव्वल ठरला. तुलना आधीच निघाली होती. जुलैमध्ये संसदेच्या संरक्षण समितीत एका खासदाराने विचारले होते, की व्हायोलिन किंवा बॅलेच्या ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले दोन आले तर सवलत, मग बिलबोर्ड का नाही? वरवर बिनतोड वाटणाऱ्या या प्रश्नात अडचण होती. स्पर्धेला परीक्षक असतात आणि निकालाचा कागद असतो. तक्ता विक्रीवर हलतो, आणि विक्रीचा आकडा सरकारी निकष झाला की तो फुगवायला किती हात पुढे येतील, याची कल्पना करावी. भरती खात्याच्या प्रमुखांनी सप्टेंबरमध्ये पूर्ण फेरविचाराचे आश्वासन दिले. फेरविचार वर्षभर चालला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये खेळाडू-कलावंतांची सवलत तशीच राहिली, पॉप कलाकारांना वाढवली नाही. डिसेंबर २०२० मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिला लोक 'बीटीएस कायदा' म्हणतात, पण तिने दिली फक्त मुदत : सरकारी शिफारस असलेल्या पॉप कलाकाराला ३० वर्षांपर्यंत भरती लांबवता येते.

नकार देणाऱ्यांसाठीचा कायदा २७ डिसेंबर २०१९ रोजी, मुदत संपायला चार दिवस उरले असताना, मंजूर झाला : ३६ महिने, तुरुंगात राहून तुरुंगातलीच कामे. लष्करी सेवा तेव्हा टप्प्याटप्प्याने १८ महिन्यांवर येत होती, म्हणजे ही तिच्या बरोबर दुप्पट. मंत्रालयाने दाखला दिला तो इतर पर्यायी सेवांचा, उदाहरणार्थ खेड्यांतल्या सरकारी डॉक्टरांच्या ३६ महिन्यांचा. डॉक्टर मात्र डॉक्टरकीच करतो आणि संध्याकाळी घरी जातो. २६ ऑक्टोबर २०२० रोजी ६३ जणांची पहिली तुकडी दाखल झाली. त्यांना कामे मिळाली स्वयंपाकघराची, धुलाईची, झाडलोटीची. हीच कामे आधीच्या पिढीने कैदी म्हणून केली होती, आणि लवकर सुटली होती.

ही तुकडी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर पडली. ३० मे २०२४ रोजी संविधान न्यायालयाने ३६ महिन्यांची मुदत पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली. १२ जून २०२४ रोजी त्या पॉप गटातला सगळ्यात मोठा सदस्य अठरा महिन्यांची सेवा पुरी करून यॉनचॉनच्या लष्करी फाटकातून बाहेर आला.