कानपूरच्या भंगारातून उठलेलं लिबरेटर

जुनी विमानं जपणाऱ्या अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-२४जे लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं जड बॉम्बफेकी विमान, 'विचक्राफ्ट' म्हणून ओळखलं जातं. नाव आणि रंग दोन्ही उसने आहेत. मूळ 'विचक्राफ्ट' इंग्लंडमध्ये तळ असलेल्या अमेरिकी ४६७व्या बॉम्ब ग्रुपचं होतं. हे विमान (क्रमांक ४४-४४०५२) ऑगस्ट १९४४मध्ये टेक्ससच्या फोर्ट वर्थला तयार झालं आणि ऑक्टोबरात ब्रिटिश वायुदलाकडे गेलं. तिथे त्याचा क्रमांक केएच१९१ आणि कामगिरी आग्नेय आशियातली.

लेंड-लीज, म्हणजे अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री उसनी देण्याच्या योजनेच्या अटींनुसार युद्ध संपल्यावर विमानं एकतर परत करायची, विकत घ्यायची किंवा नष्ट करायची. कानपूरच्या चकेरी तळावर उभ्या लिबरेटरांच्या वाट्याला तिसरा पर्याय आला. उपकरणं फोडली, पत्रा चिरला, धडांना ट्रकने धडका दिल्या, इंजिनांत वाळू ओतली. वाळूचा घाव सर्वांत वाईट: ती तेलाबरोबर फिरली की बेअरिंग आणि सिलिंडर खरवडून काढते, म्हणून इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय चालवता येत नाही.

१९४८मध्ये भारताला जड बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि नवी घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याने या भंगारातून उडण्याजोगी विमानं उभी केली. तात्पुरत्या डागडुजीवर ती बंगळूरला उडवत नेण्याचं धाडसी काम वैमानिक जमशेद 'जिमी' मुन्शी यांनी केलं. आपलं विमान भारतीय वायुदलात एचई७७१ झालं. ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने लिबरेटर बॉम्बफेकीसाठी वापरली, तर पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने सागरी टेहळणीसाठी. १९६८ला ती निवृत्त झाली. अमेरिकेतली बहुतेक लिबरेटर तोवर केव्हाच वितळवली गेली होती.

पुढे ब्रिटिश संग्राहक डग अरनॉल्ड यांनी हे विमान विकत घेऊन सुटं करून इंग्लंडला नेलं आणि १९८४मध्ये ते कॉलिंग्जकडे आलं. दुरुस्तीला सुमारे ९७,००० मनुष्य-तास लागले. इंधन यंत्रणेबाबत तर तडजोडीला जागाच नव्हती. लिबरेटरच्या टाक्या पंखात, बॉम्ब कप्प्याच्या वरच्या बाजूला. गळती झाली की वाफ कप्प्यात साठते. युद्धकाळात कर्मचारी त्यासाठी कप्प्याचे गुंडाळते दरवाजे किंचित उघडे ठेवत. १९८९मध्ये ते पुन्हा उडालं.

तेव्हा नाव 'ऑल अमेरिकन', १९९८पासून 'ड्रॅगन अँड हिज टेल', २००५पासून 'विचक्राफ्ट'. तिन्ही नावं अमेरिकी, विमानाने वीस वर्षं सेवा केली ती भारताची. भारतीय चिन्हांतलं लिबरेटर पाहायचं तर दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात एचई९२४ उभं आहे.